माशासाठी माशी

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेचे एक माजी विद्यार्थी काश्मिरातील आपल्या लष्करी नोकरीवरून रजेवर मंगळवेढ्यास आले, तेव्हा मुद्दाम आम्हांस भेटावयास आले. येताना त्यांनी पत्र्याची एक लहानशी डबी आणली होती. डबीत कापसाच्या पेळूवर तीन गळ ठेवले होते. प्रत्येक गळ एवढासा, की ज्वारीचे दोन दाणे टोकास टोक लावून ठेवावेत, तेवढीच त्याची लांबी. गळाच्या दांडीवर नारिंगी रेशमाचे वेढे, आणि नेढ्यापाशी करड्या-तपकिरी पिसाचे दहा-बारा तंतू. याखेरीज त्यावर काही नव्हते. ना पंख, ना डोळे, ना शेपूट. "ट्राउट नावाचा मासा धरण्यासाठी तिकडचे लोक ही माशी वापरतात," असे त्यांनी आम्हांस सांगितले, आणि डबी शाळेच्या संग्रहास देऊन ते गेले.

डबी वर्गातून फिरली. मुलांनी भिंगातून एकेक गळ न्याहाळला. अखेरीस मागच्या बाकावरील एक विद्यार्थी उभा राहून म्हणाला, "सर, ही अर्धीच झाली आहे. करणाऱ्याने कंटाळून टाकून दिलेली दिसते." वर्ग हसला, आम्हीही हसलो. परंतु घरी गेल्यावर तो प्रश्न आमच्या मनातून जाईना. मनुष्यास अर्धवट दिसणारे हे काम माशास पुरे कसे वाटते? पीठ नाही, गांडूळ नाही, खाण्याजोगे काहीच नाही; मग चतुर मासा या पिसाच्या चार तंतूंवर का झेपावतो? त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही व आमचे विद्यार्थी जे शिकलो, ते पुढे दिले आहे.

ट्राउट व आपली भीमा

प्रथम ज्याच्यासाठी ही माशी बांधतात त्या माशाची ओळख करून घेऊ. ट्राउट हा थंड, निर्मळ व वाहत्या पाण्यातील मासा असून तो मूळचा आपल्या देशातील नव्हे. इंग्रजी अमदानीत येथे आलेल्या अधिकाऱ्यांस व मळेवाल्यांस मायदेशीच्या या माशाची आठवण स्वस्थ बसू देत नसे. निलगिरी पर्वतावर फ्रान्सिस डे या मत्स्यशास्त्रज्ञाने १८६३ साली तो आणण्याचा प्रयत्न केला, पण तो फसला. काश्मिरात १८९९ साली मागविलेली अंडी वाटेतच नासली. १९०० साली पुन्हा मागविलेली मात्र जगली, आणि श्रीनगरजवळच्या हारवन येथील उबवणी केंद्रातून हा मासा काश्मीरच्या नद्यानाल्यांत पसरला. पुढे कुलूच्या खोऱ्यात, निलगिरीवर आणि मुन्नारच्या डोंगरांतही त्याने घर केले.

मग तो आपल्या भीमेत का सोडू नये, असे कोणी विचारील. याचे उत्तर रसायनशास्त्राच्या तासास मिळते. पाणी जितके थंड, तितका त्यात प्राणवायू अधिक विरघळतो. उष्णतामान १० अंश सेल्सिअस असता एका लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तेच ३० अंशांवर गेले की तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येतो. ट्राउटास भरपूर प्राणवायू लागतो; पाणी २० अंशांच्या वर चढले की तो कासावीस होऊ लागतो. आपल्या सोलापूर जिल्ह्यात वैशाखातील सावलीचा पारा ४० अंश ओलांडतो. तेव्हा ट्राउट भीमेत जगावयाचा नाही, हे उघड आहे.

परंतु एवढ्यावरून त्याची माशी आपल्या उपयोगाची नाही असे मात्र ठरत नाही. पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन किडे टिपणारे मासे आपल्याकडेही आहेत. थंडीच्या दिवसांत सायंकाळी भीमेच्या काठी उभे राहिल्यास चांदीच्या पातीसारखा एक सडपातळ मासा पाण्यातून लखकन उसळलेला दिसतो. तो अळकूट होय. कर्नल सायक्स या इंग्रज गृहस्थांनी दख्खनच्या माशांचा अभ्यास करून १८३९ च्या सुमारास त्यांची वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हा पुष्कळ जातींस नावे देताना त्यांनी येथील लोकांच्या तोंडची मराठी नावेच लॅटिनच्या पंक्तीस बसविली. शिंगाळ्याच्या शास्त्रीय नावात 'सीनघाला' आणि एका अळकुटाच्या नावात 'अल्कूटी' हे शब्द त्यांनी अशा रीतीने घातले. नदीकाठच्या निरक्षर मासेमाराचे शब्द जगाच्या ग्रंथालयांत गेले, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

माशास काय दिसते

माशी समजावयाची तर आधी किडा समजला पाहिजे, आणि किडा समजावयाचा तर नदीतील धोंडा उलटून पाहिला पाहिजे. धावत्या पाण्यातील हाताएवढा दगड अलगद उचलून त्याची खालची बाजू वर करावी. स्वच्छ पाण्यात तेथे लहान लहान चपटे जीव सरपटताना दिसतात. त्यांस सहा पाय असतात, पोटाच्या दोन्ही अंगांस कल्ल्यांची झालर असते, आणि मागे बहुधा तीन केसांसारख्या शेपट्या असतात. ही एका नाजूक माशीची बाल्यावस्था होय. काही महिने, कोठे कोठे वर्षभरही, हा जीव पाण्याखाली वाढतो; त्यानंतर पृष्ठभागाकडे निघतो, कात टाकतो व पंख पसरून उडतो. पंख फुटल्यावर त्याचे आयुष्य बहुधा एक-दोन दिवसांचेच. त्या काळात तो काही खात नाही. त्याचे तोंडही खाण्याच्या उपयोगाचे राहिलेले नसते. दुसरा एक किडा वाळूचे कण व काड्या लाळेच्या रेशमाने सांधून स्वतःभोवती नळीसारखे घर बांधतो. त्यासही अखेर पाण्यातून वर यावेच लागते.

हा वर येण्याचा क्षण किड्याच्या आयुष्यातील सर्वांत संकटाचा असतो. तो तळाच्या आसऱ्यास मुकलेला असतो आणि पंखांचा आधार अजून मिळालेला नसतो. अशा वेळी तो प्रवाहाबरोबर वाहत, पाय हालवीत, अंग आकसून पुन्हा पसरीत वर सरकतो. माशास हे पक्के ठाऊक असते. मासा किड्याचे पंख मोजीत बसत नाही. धावत्या पाण्यात त्यास विचार करण्यास क्षणभराचाच अवधी असतो. योग्य आकाराचे, योग्य रंगाचे काहीतरी जिवंतपणाने हालत आहे, एवढे दिसले की तो तोंड उघडतो.

आता डबीतील माशीकडे पुन्हा पाहावे. नारिंगी रेशीम हे किड्याचे शरीर, आणि पिसाचे तंतू हे त्याचे पाय व उमलू पाहणारे पंख. हे तंतू कोंबड्याच्या ताठ पिसाचे नसून मऊ पिसाचे असतात. ताठ पिसाची माशी पाण्यावर उभी तरंगते. मऊ पिसाची माशी भिजून पाण्याखाली जाते आणि तिचे तंतू प्रवाहाच्या प्रत्येक धक्क्यासरशी मिटतात व उघडतात. रेशीमही भिजले की गडद व किंचित पारदर्शक दिसू लागते. हातावरची माशी निर्जीव असते. पाण्यात पडली की तिच्यात जीव आल्याचा भास होतो.

ही विद्या किती जुनी

रोमन काळातील लेखक एलियन याने इसवी सनाच्या २०० च्या सुमारास मॅसिडोनियातील मासेमारांचे वर्णन केले आहे. ते लोक गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळीत व तीस कोंबड्याची दोन पिसे बांधीत. म्हणजे लोकर आणि पीस ही सामग्री अठराशे वर्षांहून अधिक काळ टिकून आहे. इंग्लंडात १४९६ साली छापलेल्या गळविद्येच्या एका प्रबंधात बारा माश्यांची कृती आढळते. तो प्रबंध ज्युलियाना बर्नर्स या जोगिणीने लिहिला अशी परंपरागत समजूत आहे. स्कॉटलंडमधील डब्ल्यू. सी. स्टुअर्ट याने १८५७ साली आपल्या ग्रंथात मऊ पिसाच्या तीन साध्या माश्यांचा पुरस्कार केला. त्यांस तो 'कोळी' म्हणे, कारण त्यांचे विरळ तंतू कोळ्याच्या पायांसारखे पसरत. त्याच्या काळ्या 'कोळ्या'स तिकडच्या स्टर्लिंग पक्ष्याचे पीस लागे. हिवाळ्यात आपल्या ज्वारीवर थव्यांनी उतरणारी भोरडी ही त्याच पक्ष्याच्या कुळातील. पुढे १८८५ साली यॉर्कशरच्या टी. ई. प्रिट याने आपल्या प्रांतातील माश्यांचा चित्रांसह संग्रह प्रसिद्ध केला. जपानातील डोंगराळ भागातले लोकही लांब काठीस दोरी बांधून, चक्रावाचून, पिसाच्या माशीने मासे धरीत आले आहेत. त्या माशीस ते 'केबारी' म्हणतात.

पण गळविद्येसाठी परदेशाकडेच पाहावे असे नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इसवी सनाच्या ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचिला. त्यासच 'अभिलषितार्थचिंतामणि' असेही म्हणतात. राजनीतीपासून पाकक्रियेपर्यंत शंभर विषय त्यात आले असून 'मत्स्यविनोद' हा त्यांतील एक. समुद्रातील व नद्यांतील सुमारे पस्तीस प्रकारचे मासे, त्यांची राहण्याची ठिकाणे, कोणत्या माशास कोणते खाद्य घालावे आणि तो गळाने कसा धरावा, याचे विवेचन राजाने त्यात केले आहे. हा ग्रंथ रचला गेला तेव्हा आपले मंगळवेढे हे चालुक्यांचे मांडलिक असलेल्या कलचुरी घराण्याचे ठाणे होते, आणि याच घराण्यातील बिज्जलाने पुढे कल्याणीचे सिंहासन बळकाविले. तात्पर्य, इंग्लंडातील तो प्रबंध छापला जाण्यापूर्वी साडेतीनशे वर्षे, ज्याचे राज्य आपल्या गावावर होते अशा राजाने गळविद्येवर लिहून ठेविले होते. आणि त्याचाही भर आधी माशाचे खाणे व राहणे ओळखण्यावरच आहे.

माशी कशी बांधावी

एवढे समजल्यावर आम्ही शाळेतच माशी बांधण्याचे ठरविले. परदेशी सामान आणावयाचे नाही, असा आमचा निश्चय होता. आणि शोध करता सर्व काही गावातच मिळाले. चौदा क्रमांकाचा गळ घ्यावा. गळाचा क्रमांक जितका मोठा तितका गळ लहान असतो, हे ध्यानात ठेवावे. शिंप्याकडील बारीक रेशमाचा धागा, थोडे मेण, लहान कात्री, एक चिमटा, आणि घरच्या कोंबडीच्या मानेची किंवा पाठीची मऊ पिसे, एवढी सामग्री पुरते. कोंबडीच घ्यावी, कोंबडा नको. तिची पिसे मऊ असतात. तित्तर, भोरडी वगैरे रानपक्ष्यांस मात्र हात लावू नये. आपल्या देशातून पक्ष्यांची पिसे परदेशी पाठविण्यास १९०२ सालीच बंदी झाली, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपक्ष्यांस अधिक संरक्षण दिले. खुराड्यात गळून पडलेल्या पिसाने जे काम होते, त्यासाठी एका जिवाचा घात कशास करावा?

आरंभी चिमट्याने गळाच्या टोकाजवळील उलटा काटा दाबून सपाट करावा. यायोगे मासा सोडणे सोपे होते, आणि चुकून गळ बोटात रुतला तरी तो सुखाने निघतो. हे केल्यावाचून पुढील काम करू नये.

पहिली पायरी. गळ बाकापाशी लहान शिकंज्यात घट्ट धरावा. शिकंजा नसेल तर सुताराकडून लाकडाची एक पकड करून घ्यावी. आम्ही तेच केले. रेशमास मेण लावावे. मेणाने धागा निसटत नाही व पाण्यात लवकर कुजत नाही.

दुसरी पायरी. नेढ्यामागे एका ज्वारीच्या दाण्याच्या निम्म्याइतकी जागा मोकळी सोडून तेथून धागा गुंडाळण्यास आरंभ करावा. वेढ्यास वेढा लागून बसला पाहिजे. एकावर एक चढता कामा नये. गळाचे टोक जेथे येते त्याच्या वरपर्यंत जाऊन थांबावे व तशाच सरळ वेढ्यांनी परत यावे. झाले शरीर. ज्यास शोभा हवी त्याने जुन्या जरीच्या काठातील एक बारीक तार यावर चार वेढ्यांत फिरवावी. माशीस त्याने किंचित चकाकी येते.

तिसरी पायरी. पीस निवडावे. त्याचे तंतू शरीरावर मागे दाबले असता गळाच्या बाकापर्यंत, फार तर किंचित पुढे, पोचावेत. पिसाच्या बुडाशी असलेला भुरभुरीत कापूस काढून टाकावा. टोकाकडील थोडे तंतू तसेच ठेवून बाकीचे उलट दिशेने बोटांनी हलकेच मागे सारावेत, म्हणजे दोहोंच्या मध्ये पिसाची बारीक दांडी उघडी पडते. तेथे पीस गळास धाग्याने बांधावे. टोकाकडून बांधण्याचे कारण हे, की तेथे पिसाची दांडी बारीक व लवचीक असते.

चौथी पायरी. पिसाचे बूड चिमट्यात धरून गळाभोवती दीड, फार तर दोन वेढे द्यावेत. प्रत्येक वेढ्यागणिक तंतू मागे सारावेत. मग धाग्याने बांधून उरलेले पीस कापून टाकावे.

पाचवी पायरी. नेढ्यापाशी धाग्याची इवलीशी मान करावी, तीन गाठी एकामागून एक आवळून द्याव्यात व धागा कापावा. मानेवर नखरंगाचा बिनरंगी थेंब सुईच्या टोकाने ठेवावा. नेढ्याच्या भोकात तो जाऊ देऊ नये.

एवढेच काम. पण प्रत्यक्षात काय झाले ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पहिल्या दिवशी बांधलेल्या माश्यांपैकी निम्म्या हातातच सुटल्या. कोणाचा धागा तुटला, कोणी नेढेच बुजवून टाकले. आणि ज्यांच्या माश्या टिकल्या, त्या सर्वांनी एकच चूक केली, आम्हीही केली: दोन वेढे पुरेनात असे वाटून आम्ही पाच-सहा वेढे दिले. आमच्या माश्या गुबगुबीत, झुपकेदार व दिसण्यास फार सुंदर झाल्या. डबीतील त्या विरळ माशीशेजारी ठेवून मुले म्हणू लागली, "आपली जास्त चांगली आहे."

नदीवरील परीक्षा

मार्गशीर्षातील एका रविवारी, काही पालकांसह, आम्ही माचणूरच्या बाजूस भीमेवर गेलो. देवळाच्या घाटापासून पुष्कळ दूर, जेथे खडकांमधून पाणी उथळ धावते, अशी जागा पाहिली. नदीवर जाताना दोन गोष्टी आम्ही आधी करून घेतल्या, त्या येथे नमूद करितो. पात्रात मासेमारीचा हक्क ज्यांचा होता त्यांची परवानगी घेतली. आणि उजनी धरणातून पाणी सोडणार आहेत की काय याची चौकशी केली. धरणाचे पाणी आले की कोरडा खडक पाहता पाहता बुडतो. म्हणून मुलांनी वडीलधाऱ्यांवाचून नदीवर केव्हाही जाऊ नये.

दहा फुटी बांबूच्या काठीस तितकीच लांब दोरी, दोरीच्या अखेरीस हातभर बारीक नायलॉनचा धागा, आणि त्यास आमची ती सुंदर माशी. प्रवाहाच्या आडवी, किंचित खालच्या अंगास ती टाकावयाची. मग दोरी ताणलेली ठेवून प्रवाहाला तिला कमानीसारखी आपल्या काठाकडे आणू द्यावयाचे. कमानीच्या अखेरीस माशी तळाकडून वर उचलली जाते. उमलणारा किडा वर येतो तशीच. तोच मासा धरण्याचा क्षण.

आम्ही तासभर माशी टाकली. अळकूट आमच्या डोळ्यांदेखत उसळत होते. एक-दोन माशीजवळ आले, आणि तोंड फिरवून निघून गेले. काठावर जाळे दुरुस्त करीत बसलेले एक वृद्ध भोई आमचा हा खटाटोप पाहत होते. अखेर त्यांनी हाक मारिली, "मास्तर, बघू तुमचं ते काय हाय ते." माशी तळहातावर घेऊन ते खदखदून हसले. "आवो, ह्यो किडा हाय का कोंबडीचं पिल्लू? पाण्यातला किडा एवढा केसाळ असतोय व्हय? निम्मं काढून टाका, मास्तर."

आम्ही म्हणालो, "बाबा, निम्मे काढले तर मग उरले काय?"

"ऱ्हायलं तेवढंच लागतंय," एवढे बोलून ते पुन्हा जाळ्याकडे वळले.

आम्ही तेथेच बसून चिमट्याने एकेक तंतू उपटला. दहा-बारा उरले तेव्हा थांबलो. पुन्हा टाकलेल्या चौथ्या खेपेस, माशी कमानीच्या अखेरीस वर येत असता, दोरीस बारीकसा हिसका बसला, आणि वीतभर लांबीचा एक अळकूट चमकत वर आला. हात आधी पाण्यात भिजवून आम्ही त्यास धरिले. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर निघतो व त्यास रोग जडतो. काटा दाबलेला असल्याने गळ सहज निघाला. क्षणभर प्रवाहाकडे तोंड करून धरताच मासा निसटला.

तेव्हा वर्गात उभा राहून बोलणारा तो विद्यार्थी शेजारीच होता. पाण्याकडे पाहत तो म्हणाला, "सर, माशी अर्धीच बांधायची असते. उरलेली अर्धी पाणी बांधते."

आमच्या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर आम्हांस देता आले नसते. आम्ही माशी बांधली होती ती पाहणाऱ्याच्या डोळ्यासाठी. बांधावयाची होती ती प्रवाहासाठी. प्रवाहास काम करण्यास जागाच ठेविली नाही, तर तंतू हालणार कसे? हे त्या वृद्ध गृहस्थांस शिकवावे लागले नव्हते, कारण ते जन्मभर त्या पाण्याकडे पाहत आले होते.

धोंड्याखालील जमाखर्च

परत निघण्यापूर्वी मुलांनी जागोजागी दगड उलटून पाहिले. जेथे पाणी खडकांमधून खळाळत होते, तेथे बहुतेक दगडांखाली ते त्रिपुच्छ जीव सापडले. थोडे खाली गेल्यावर, जेथून वाळू उपसून नेल्याने पात्रात खड्डे पडले होते व तळास गाळ साचला होता, तेथे दहा दगड उलटले तरी एकही दिसला नाही. आश्चर्य हे, की अळकुटांचे उसळणेही नेमके तेथेच थांबले होते. मुलांनी हे आपण होऊन ताडले. आम्ही काही सांगितले नव्हते.

दहा दगडांवरून शास्त्रीय सिद्धान्त काढणे बरे नव्हे, हे आम्ही जाणतो. तथापि या किड्यांपैकी पुष्कळ जाती मलिन व प्राणवायुहीन पाण्यात टिकत नाहीत, ही गोष्ट सर्वमान्य आहे, आणि म्हणूनच नदीचे आरोग्य पारखण्यासाठी शास्त्रज्ञ या जीवांची गणना करितात. गाळाने दगडांमधील फटी बुजल्या की त्यांचे घर जाते. ते गेले की त्यांवर जगणारा मासा जातो. आणि मासा गेला की जाळे दुरुस्त करीत बसलेल्या त्या म्हाताऱ्याच्या नातवास दुसरा उद्योग शोधावा लागतो. दगड, किडा, मासा आणि माणूस अशी ही साखळी आहे. तीतील पहिली कडी पाण्याखाली असल्याने ती तुटलेली कोणास दिसत नाही.

म्हणून आम्ही एक उपक्रम योजिला आहे, व त्यास पालकांनी साहाय्य करावे अशी विनंती आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वरच्या वर्गांतील विद्यार्थी वडील मंडळींबरोबर नदीवर जातील, ठरलेल्या दोन ठिकाणी दहा-दहा दगड उलटतील, खाली सापडलेले जीव मोजून वहीत मांडतील, आणि प्रत्येक दगड होता तसाच पालथा ठेवतील. दगड पुन्हा नीट ठेवणे हा या अभ्यासाचा सर्वांत महत्त्वाचा भाग होय. कारण आपण कोणाचे तरी छप्पर उचलून पाहत असतो. पावसाळ्यात नदीवर जावयाचे नाही. त्या दिवसांत पाणी भरवशाचे नसते, आणि पुष्कळ जातींचे मासे अंडी घालण्याच्या बेतात असल्याने गळही टाकू नये.

काश्मिराहून आलेली डबी आता प्रयोगशाळेच्या कपाटात ठेविली आहे. तिच्यात चौथी एक माशी आहे: रेशीम मंगळवेढ्याच्या शिंप्याकडील, पीस एका विद्यार्थ्याच्या घरच्या कोंबडीचे, तंतू मोजून अकरा. ज्या विद्यार्थ्यास ती पाहावयाची असेल त्याने मधल्या सुटीत यावे. मात्र पाहून झाल्यावर एक-दोन तंतू आणखी हवे होते असे वाटल्यास, त्याने आधी नदीवर जाऊन एक दगड उलटून यावे.